गोळी आधी की कॉफी?

२०२५ च्या मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात विकायला आली, आणि तेव्हापासून या सदराच्या टपालाचा रंगच पालटला. पूर्वी खोकल्याचं औषध विचारणारे वाचक आता 'पुढचा डोस कधी वाढवायचा' ते विचारतात. या खेपेच्या पत्रांत कॉफीचं नाव इतक्यांदा आलं की ती सगळी एकत्रच घेतली आहेत.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी सांगलीत औषधांचं दुकान चालवते. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम, मी त्यात हात घालत नाही. पण औषध कशाबरोबर घ्यायचं आणि कशाबरोबर नाही, हे सांगणं माझंच काम आहे. आणि एक विनंती. नुसतं 'वजनाचं औषध' असं लिहू नका, नाव लिहा. रोजची गोळी, आठवड्याचं इंजेक्शन आणि जेवणाबरोबरची कॅप्सूल, या तिघांचं कॉफीशी नातं अगदी वेगवेगळं आहे. चार पत्रांत नाव नव्हतं, ती बाजूला ठेवावी लागली.

प्रश्न : सप्रेम नमस्कार ताई. माझं वय ४७. राहते डोंबिवलीला, शाळेची नोकरी मुंबईत. मधुमेह आहे, वजनही वाढलेलं आहे, म्हणून डॉक्टरांनी रायबेल्सस दिली आहे, सकाळी उपाशीपोटी. पाचला उठते. उठल्यावर थायरॉइडची गोळी आणि ही गोळी एकदमच घेते आणि लगेच कॉफी, कारण ६.२० ची लोकल गेली की पहिला तास गेला. कॉफी म्हणजे अर्धं दूध, अर्धं पाणी, चमचाभर साखर. तीन महिने झाले. रक्तातली साखर फारशी उतरली नाही, वजन जेमतेम किलोभर. मैत्रीण म्हणते, गोळीचा काही उपयोग नाही, इंजेक्शन घे. घेऊ का? — एक शिक्षिका, डोंबिवली

उत्तर : अहो बाई, इंजेक्शनचं नंतर बघू. आधी ही गोळी तुमच्या रक्तापर्यंत पोचते तरी का, ते बघू या. पत्र वाचून मला तरी वाटतं की ती रोज सकाळी कॉफीत बुडते आहे.

या गोळीत सेमाग्लुटाइड आहे, इंजेक्शनमध्ये असतं तेच. हे औषध प्रथिनांच्या जातकुळीतलं. पोटात गेलं की पाचकरस त्याचा फडशा पाडतात. म्हणून गोळीत त्याच्या जोडीला एसएनएसी नावाचा एक मदतनीस घातलेला असतो. गोळी जठरात विरघळते तेव्हा हा मदतनीस तिच्याभोवतीची आम्लता तेवढ्यापुरती कमी करतो आणि औषधाला जठराच्या भिंतीतूनच रक्तात शिरायला वाट करून देतो. बहुतेक गोळ्या पुढे आतड्यात शोषल्या जातात, ही नाही. जे काय साधायचं ते जठरातच. आणि सगळं मनासारखं जमून आलं तरी गोळीतलं फार तर एक टक्का औषध रक्तात उतरतं. एक टक्का! म्हणून तर आठवड्याचं इंजेक्शन ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि गोळी मात्र रोज घेऊन १४ मिलिग्रॅमपर्यंत न्यावी लागते. आता या एका टक्क्यावर तुम्ही कपभर दूध, साखर आणि कॉफी ओतलीत, तर उरणार काय?

तेव्हा उठल्या उठल्या, पोटात काही नसताना, गोळी साध्या पाण्याबरोबर गिळायची. पाणी १२० मिलिलिटरच्या आत, म्हणजे जेमतेम अर्धा पेला. 'गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी' हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, ते इथे उलटं पडतं. जास्त पाण्यात औषध पातळ होऊन पुढे निघून जातं. मग किमान अर्धा तास काहीही नाही. कॉफी नाही, चहा नाही, लिंबू-मध नाही, दुसरी गोळीही नाही. काळी, बिनसाखरेची कॉफीसुद्धा नाही. 'काळ्या कॉफीत काय असतं मॅडम, पाणीच तर आहे,' असं काउंटरवर हमखास ऐकायला मिळतं. माहितीपत्रकात साधं पाणी लिहिलंय, साधंच घ्यायचं. गोळी तोडायची नाही, चावायची नाही. आणि ती सात खणांच्या डबीत काढून ठेवत असाल तर ते आजपासून बंद करा. ही गोळी दमटपणाला फार नाजूक आहे. घ्यायच्या वेळीच पाकिटातून फोडायची. मुंबईकडच्या पावसाळ्यात तर नक्कीच.

दुसरं त्रांगडं थायरॉइडच्या गोळीचं. तिलाही रिकामं पोट लागतं, आणि तिलाही कॉफी सोसत नाही. कॉफीबरोबर घेतलेली थायरॉक्सिनची गोळी कमी शोषली जाते, हे चांगलं माहीत असलेलं आहे. थायरॉइडच्या गोळीनंतर कॉफीला अर्धा तास, जमलं तर तास, थांबावं. म्हणजे तुमच्याकडे एकाच रिकाम्या पोटावर दोन हक्कदार आहेत आणि तिसरी कॉफी दारात उभी! शिवाय रायबेल्ससबरोबर घेतल्यावर थायरॉइडचं औषध रक्तात नेहमीपेक्षा जास्तही उतरू शकतं. तुमच्या बाबतीत एकीकडे कॉफी त्याला खाली ओढते, दुसरीकडे ही गोळी वर ढकलते. गेल्या तीन महिन्यांत टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, केली नसेल तर करून घ्या.

आता लोकलचं बघू. डॉक्टरांना विचारा, थायरॉइडची गोळी रात्री हलवता येईल का? रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना ती घेतलेली चालते, पुष्कळ लोक घेतात. मात्र आठचं जेवण दहावर जात असेल तर ही वाट तुमच्यासाठी नाही. वेळ बदललीत तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघायचा. थायरॉइड रात्री गेलं की सकाळ सुटसुटीत होते. उशाशी गोळी आणि अर्धा पेला पाणी ठेवा, पाचच्या गजराला गोळी, मग डबा, अंघोळ, आणि साडेपाच-पावणेसहाला कॉफी, दोन घास काहीतरी खाऊन. डॉक्टर नको म्हणाले, तर पाचला रायबेल्सस, साडेपाचला थायरॉइड, आणि कॉफी थर्मासमध्ये भरून गाडीत. बसायला जागा मिळाली तर. नाही मिळाली तर शाळेत. कॉफी तासभर उशिरा प्यायल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

एक सावधगिरी. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी दुसरी गोळीही चालू असेल, तर वेळ सुधारण्याआधी डॉक्टरांना कळवा. इतके दिवस अर्धवट पोचणारं औषध पूर्ण पोचायला लागलं की साखर एकदम खाली येऊ शकते. आणि पहिल्या महिन्यातली ३ मिलिग्रॅमची गोळी नुसती शरीराला सवय लावण्यापुरती असते. तीन महिने तुम्ही तीच घेत असाल, तर तेही त्यांच्या कानावर घाला. मैत्रिणीला म्हणावं, गोळीचा निकाल अजून लागायचाय.

प्रश्न : मॅडम, मी ३६ वर्षांचा आहे, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. मधुमेह नाही. माउंजारो सुरू करून सात आठवडे झाले, आता ५ मिलिग्रॅमवर आहे. सहा किलो उतरले, त्यामुळे खूश आहे. भूक लागतच नाही, म्हणून नाश्ता बंद केला. सकाळपासून ब्लॅक कॉफी, दिवसाचे पाच मग होतात. पण अकराच्या सुमारास मळमळतं, छातीत धडधडतं, हात थरथरतात. पोटही साफ होत नाही. हा इंजेक्शनचा साइड इफेक्ट की कॉफीचा? नेटवर सगळीकडे लिहिलंय की दोन्ही एकत्र चालतं. ता. क. : कॉफीत तूप घालून प्यायली तर वजन लवकर उतरतं का? जिममधला ट्रेनर तसं सांगतो. — एक वाचक, पुणे

उत्तर : नेटवर लिहिलंय ते खोटं नाही. आठवड्याच्या इंजेक्शनचं कॉफीशी थेट वैर नाही. औषध कातडीखालून जातं, जठरात त्याची कॉफीशी गाठच पडत नाही. माउंजारोच्या माहितीपत्रकात कॉफी वर्ज्य असं कुठेही नाही. पण 'चालतं' म्हणजे पाच मग, तेही नाश्त्याच्या जागी, असं कुणी म्हटलेलं नाही.

आधी हिशेब करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे दीडशे मिलिलिटरच्या एका कपात, कॉफी गाळून केलेली असेल तर ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन, आणि झटपट पावडरची असेल तर ५० ते ६५. कप म्हणतेय मी, मग नव्हे. कंपनीच्या कॅन्टीनमधला मग तीनशे मिलिलिटरचा धरला तर तो दोन कपांचा. तुम्ही साधी पावडरची कॉफी घेता असं समजलं तरी पाच मगांचे पाचशे ते साडेसहाशे मिलिग्रॅम झाले. मशीनची गाळलेली असेल तर आठशेच्या वर. इंजेक्शन नसतं तरी एवढ्यानं धडधडलं असतं.

इंजेक्शन त्यात आपली भर घालतं. या औषधानं नाडीचे ठोके सरासरी मिनिटाला दोन ते चारनं वाढतात. एरवी ते जाणवतही नाही, पण त्यावर कॅफिन चढलं की जाणवतं. जठर रिकामं व्हायचा वेगही हे औषध मंदावतं, विशेषतः सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर. कॉफीनं जठरात आम्ल वाढतं आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप थोडी सैल पडते. मंद पोट, जास्तीचं आम्ल, सैल झडप आणि आत अन्नाचा कण नाही. अकरा वाजता मळमळणार नाही तर काय होणार?

हात थरथरण्याची मात्र शहानिशा करून घ्या. कॅफिननंही हात थरथरतात आणि साखर उतरल्यानंही. घाम, धडधड, जीव घाबरा होणं, दोन्हीकडे सारखंच. तुम्हाला मधुमेह नाही, दुसरं औषध नाही, तेव्हा साखर फार खाली जाण्याची शक्यता थोडी. पण उपाशी राहणाऱ्या माणसाची मी खात्री देत नाही. कुणाचा तरी ग्लुकोमीटर मागून आणा आणि थरथरायला लागल्यावर बोट टोचून बघा. सत्तरच्या खाली आकडा आला तर लगेच काहीतरी गोड घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. नव्वदच्या आसपास असेल तर मगाकडे बघा.

आता नाश्ता. भूक नाही म्हणून खायचं नाही, असं या औषधावर चालत नाही. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि ते सावरायला प्रथिनं लागतात. पोळी-भाजीचं ताट उतरत नसेल तर नको. दोन उकडलेली अंडी, नाहीतर मुगाचं धिरडं, नाहीतर वाटीभर घट्ट दही. एवढं पोटात गेल्यावर मग कॉफी, कपात, मगात नव्हे. नाश्त्यानंतर पाऊण-एक तास थांबता आलं तर आणखी बरं, कारण कॉफीनं जेवणातलं लोह कमी शोषलं जातं. तुमच्यासारख्या कमी खाणाऱ्यानं तेवढं सांभाळावं. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी मळमळ जास्त असते असं दिसलं, तर तो दिवस बिनकॉफीचा ठेवा.

पाच मग उद्याच्या उद्या शून्यावर आणू नका, हे ठळक अक्षरात वाचा. कॉफी एकदम सोडली की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, आळस चढतो, चिडचिड होते, मळमळही होऊ शकते. आठवडाभर हा तमाशा चालतो. इंजेक्शन घेणाऱ्या बऱ्याच जणांची कॉफीवरची वासना आपोआप उडते, ते नकळत कॉफी सोडतात आणि मग दुकानात येऊन डोकेदुखीबद्दल इंजेक्शनला शिव्या घालतात. मी पहिला प्रश्न विचारते, 'कॉफी कधी सोडली?' चेहरा बघण्यासारखा होतो. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा मग कमी करा. संध्याकाळचा मग पहिला जाऊ द्या.

पोट साफ न होण्याचं कारण बहुधा पाणी. जेवण कमी झालं की जेवणातून मिळणारं पाणीही कमी होतं, आणि तहानही मंदावते. कॉफी शरीरातलं पाणी ओढून नेते असं सरसकट म्हणतात, ते रोजच्या पिणाऱ्याच्या बाबतीत तितकंसं खरं नाही. पण पाण्याच्या जागी कॉफी, हा सौदा तोट्याचा. टेबलावर लिटरची बाटली ठेवा. लघवी गडद पिवळी होत असेल तर बाटली भरलेलीच राहतेय असं समजा. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी फार कमी झालं तर या औषधावर मूत्रपिंडाला धोका पोचू शकतो, म्हणून एवढं सांगतेय. आणि पोटाच्या वरच्या भागात सतत, तीव्र, पाठीकडे जाणारी कळ आली, तर ती 'ॲसिडिटी' म्हणून अंगावर काढायची नाही. पुढचं इंजेक्शन थांबवून थेट डॉक्टरकडे. स्वादुपिंडाला सूज आली तर अशीच कळ येते.

ताजा कलम वाचून हसू आलं. मोठा चमचाभर, पंधरा ग्रॅम तूप म्हणजे सुमारे १३५ कॅलरी. तूप आवडत असेल तर वरणभातावर घ्या, त्याला माझा विरोध नाही. पण आधीच मंदावलेल्या जठरात सकाळी सकाळी चरबी ओतली की मळमळ वाढते, आणि वजन उतरवायची जादू त्यात काही नाही. ट्रेनरला स्क्वॉट्स शिकवू द्या.

प्रश्न : मॅडम, मी ३१ वर्षांची. पीसीओएससाठी (पाळी बिघडवणारा हार्मोनचा विकार) दोन वर्षं हार्मोनच्या गोळ्या घेतेय, आता वजनासाठी माउंजारो. ऑफिसमधून घरी आले की सहाला एक कॉफी लागते. एकच. पूर्वी कधी त्रास झाला नाही, पण हल्ली रात्री एक-दीडपर्यंत टक्क जागी असते. इंजेक्शनमुळे झोप जाते का? — नाव छापू नये, नाशिक

उत्तर : झोप इंजेक्शननंच घालवली असं म्हणायला मला तरी आधार दिसत नाही. तुमच्या गोळ्यांचा मात्र कॉफीशी संबंध आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. साधारण माणसाच्या शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला पाच तासांच्या आसपास लागतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्या की हा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. पीसीओएससाठी सहसा याच गोळ्या देतात. म्हणजे सहाच्या कपातलं अर्धं कॅफिन पहाटेपर्यंत तुमच्या अंगात मुक्कामाला. 'पूर्वी त्रास नव्हता' म्हणता, त्याचं कारण कदाचित जेवण असेल. पूर्वी कॉफीबरोबर काहीतरी खात होता, आता पोट रिकामं असतं. हा माझा अंदाज आहे, तेवढाच धरा. कॉफी दुपारी बाराच्या आत हलवा आणि पंधरा दिवस बघा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी मला लिहिलंच पाहिजे. माउंजारो जठर मंद करतं, त्यामुळे पोटातून घ्यायच्या या गोळ्यांचं शोषण कमी होऊ शकतं. इंजेक्शन सुरू केल्यापासून चार आठवडे, आणि डोस वाढवला की प्रत्येक वेळी पुन्हा चार आठवडे, नुसत्या गोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, कंडोमसारखा दुसरा उपाय जोडीला ठेवायचा, असं माहितीपत्रकात स्पष्ट आहे. गोळी पीसीओएससाठी असली तरी तुम्ही तिच्याकडून दुहेरी काम घेत असाल. शिवाय पीसीओएसमध्ये वजन उतरलं की पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यताही वाढते. मूल हवं असेल तर इंजेक्शन आधी बंद करावं लागतं. ते किती आधी, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. काउंटरवर मी हे हळू आवाजात सांगते. इथे छापील आहे, कात्रण नवऱ्यालाही दाखवा.

प्रश्न : ताईंना नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय ६८, साताऱ्याला असतो. वजनासाठी ऑर्लिस्टॅट १२० ची कॅप्सूल सुरू आहे. गेली चाळीस वर्षं चार वाजता जायफळ घातलेली कॉफी घेतो. सूनबाई म्हणते, बंद करा. — एक वाचक, सातारा

उत्तर : सर, घ्या खुशाल. ही कॅप्सूल आतड्यात चरबी पचवणारं विकर अडवते, त्यामुळे जेवणातली सुमारे तीस टक्के चरबी न पचता बाहेर पडते. कॉफीशी तिला देणंघेणं नाही, जायफळाशीही नाही. देणंघेणं आहे ते दुधाशी. म्हशीच्या सायीच्या दुधाची घोटीव कॉफी असेल, तर कपडे खराब होण्याची नामुष्की येऊ शकते. साय काढून घ्या, साखर अर्धी करा. कॅप्सूल मुख्य जेवणाबरोबर, किंवा जेवणानंतर तासाभरात. कॉफीबरोबर नाही. जीवनसत्त्वांची गोळी असेल तर ती रात्री झोपताना, कॅप्सूलपासून किमान दोन तास दूर, कारण चरबीबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही निसटतात. रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. जायफळ चिमूटभरच. पण चाळीस वर्षं घेताय, तुम्हाला मी काय शिकवणार! सूनबाईंना हे वाचून दाखवा. काळजीपोटी बोलली ती.

प्रश्न : मॅडम, माझी भाची २३ वर्षांची, कोल्हापुरात हॉस्टेलला असते. लग्न ठरलंय. तिनं मोबाइलवरून वजन कमी करणाऱ्या कॉफीची पाकिटं मागवली आहेत. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं लिहिलेलं आहे. महिन्यात पाच किलो उतरली. पण तोंडाला कोरड पडते, झोप नाही, जेवण समोर आलं की नको म्हणते, आणि मागच्या आठवड्यात जिना चढताना घेरी आली. कॉफीच आहे ना, असं म्हणून घरात कुणी लक्ष देत नाही. — मावशी, इचलकरंजी

उत्तर : मावशी, पाकीट आजच बंद करायला सांगा. बाकीचं पुढे वाचा.

साध्या कॉफीनं महिन्यात पाच किलो उतरत नाहीत. तसं असतं तर दक्षिणेत सगळे काडीसारखे झाले असते. तुम्ही लिहिलेली लक्षणं, कोरडं तोंड, उडालेली झोप, मेलेली भूक, घेरी, वाचून माझ्या डोक्यात एकच नाव आलं : सिब्युट्रामिन. पाकिटात तेच आहे असं मी इथे बसून म्हणू शकत नाही, ते प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कळत नाही. पण हे नाव तुम्हाला माहीत असायला हवं.

सिब्युट्रामिन हे कधीकाळी वजनासाठी रीतसर विकलं जाणारं औषध होतं. मेंदूवर काम करून भूक मारायचं. त्यानं रक्तदाब आणि नाडी वाढते. हृदयविकाराचा धोका असलेल्या हजारो रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, तेव्हा औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात जास्त दिसले. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून ते गेलं, आपल्याकडे फेब्रुवारी २०११ मध्ये त्यावर बंदी आली. दुकानातून गेलं ते पाकिटात शिरलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी स्लिमिंग कॉफी तपासल्या आणि त्यांत सिब्युट्रामिन सापडल्याचे इशारे पुन्हा पुन्हा काढले. पाकिटावर अर्थातच त्याचं नाव नसतं. आणि त्यात खरी कॉफीही असते, म्हणजे नाडी वाढवणारे दोघं एकाच कपात.

भाची नैराश्यावर किंवा अर्धशिशीवर काही औषध घेत असेल तर धोका आणखी वाढतो. तिला एकटीला गाठून विचारा, आईसमोर ती सांगणार नाही.

आता तिला डॉक्टरकडे न्या, या आठवड्यात, लग्नाची खरेदी नंतर. रक्तदाब, नाडी आणि ईसीजी बघायला सांगा. छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा धडधड थांबेना, तर आठवड्याची वाट बघू नका, थेट रुग्णालयात. उरलेली पाकिटं फेकू नका. वेष्टणासकट एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि मागवल्याची पावती मोबाइलवर असेल तिचा फोटो काढून ठेवा. वेष्टणावर अन्न सुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर तक्रारीला तेवढंच पुरे. असेल तर तोही लिहून घ्या, कारण क्रमांक कुणाचाही छापता येतो. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करायची, कोल्हापुरात ते आहे. पाकीट सोबत असेल तर नमुना तपासायला पाठवणं त्यांना सोपं जातं.

पाकीट बंद केल्यावर तिची भूक परत येईल आणि दोन-तीन किलोही परत येतील. तेव्हा घरात कुणी टोमणा मारू नये, एवढं तुम्ही बघा. आणि तिला वजन उतरवायचंच असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं आहेत, पण ती खरंच तिला लागतात का, हे उंची-वजन बघून डॉक्टर ठरवतील. पत्रात तुम्ही तिचं वजन कुठेच लिहिलेलं नाही.